गिळलेला शब्द

हेडसेट घेताना लोक रंग बघतात, त्यावरचे दिवे बघतात, फार तर किंमत बघतात. आम्ही तो आधी जमिनीवर आपटला.

याला कारण होतं. गेल्या मोसमात आमचे बरेच हेडसेट कामातून गेले आणि त्यातला एकही खेळताना गेला नव्हता. एकावर रेश्मा मुजावर बसली. दोन हेडसेटच्या कानाच्या गाद्यांची साल निघाली, कारण आमच्या पोरी रविवारी डोक्याला तेल चोपडून सरावाला येतात आणि या गाद्या बनवणाऱ्या माणसाने खोबरेल तेलाचा विचार केलेला नसतो. एकाचा माइक शिंदे बहिणींनी आपसातल्या भांडणात मोडला. म्हणून या वेळी आमचे प्रशिक्षक लोहार सर यांनी तीन खोकी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "अक्षता, कॅप्टन तू आहेस. टिकाऊ बघ, माइक चांगला बघ. गुरुवारी संध्याकाळपर्यंत नाव कळवायचं आहे. एकदा नोंद झाली की फायनलला दुसरा चालत नाही."

फायनल शनिवारी होती, पुण्यात. खेळाचं नाव 'भुयार'. पाच जणींचा संघ. चौघी अंधाऱ्या भुयारात पळतात आणि त्यांना हातभर पुढचंच दिसतं. पाचवीला, म्हणजे मला, सगळा नकाशा दिसतो, पण मला जागचं हलता येत नाही. मी बोलायचं आणि त्यांनी पळायचं. या खेळात माझा आवाज म्हणजेच त्यांचे डोळे. आम्ही पाचही जणी मूळच्या खोखोच्या मैदानातल्या. पाठीवर थाप पडायच्या आत उठणाऱ्या पोरी भुयारातही चपळ निघतील, हे आमच्या मालकांनी बरोबर हेरलं आणि विट्यातल्या एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आमचा हॉल थाटला. शेजारच्या शेडमध्ये माग अजून चालतात. माइकची परीक्षा घ्यायला त्याहून चांगली जागा अख्ख्या महाराष्ट्रात नसेल.

पहिला हेडसेट माळ्यावरून टाकला तेव्हाच त्याचा एक कान वेगळा झाला. दुसऱ्याची पट्टी पोलादी होती. तो आपटला, वाकवला, रेश्माने त्यावर बसूनही पाहिलं, गाद्यांना तेल चोळलं, तरी ढिम्म. माइकही बरा होता. मागांचा खडखडाट बराचसा गाळायचा, फक्त वृषालीच्या बांगड्या तेवढ्या ऐकू यायच्या. मी मनात याच्यावरच शिक्का मारला.

वृषाली माझी वहिनी. त्याआधी ती माझ्या शेजारच्या चौकटीत बसणारी खेळाडू होती. माझ्या दादाशी तिचं लग्न मीच जमवलं, त्यामुळे घरात काहीही बिनसलं की ती मलाच धारेवर धरते. चारचौघांत मी तिला वहिनी म्हणते, मैदानावर वृषे.

तिसरा हेडसेट घेऊन पुण्याहून जुई आपटे आली होती. बारीक चणीची, गोड बोलणारी इंजिनिअर. हेडसेटचं नाव 'अग्रवाणी'. तो आपटून झाला, वाकवून झाला, तेल लावून झालं. त्याला काहीच झालं नाही. मग मी विचारलं, "माइक कुठे आहे?"

"माइक नाहीये," जुई म्हणाली आणि माझ्या जबड्याखाली दोन मऊ गाद्या टेकवल्या.

ती सांगत गेली ते साधंच होतं. आपण बोलतो तेव्हा आवाज सगळ्यात शेवटी येतो. त्याआधी मेंदू जीभ, जबडा आणि गळ्याच्या स्नायूंना हुकूम सोडतो. हुकूम पोचला की त्या स्नायूंमध्ये अगदी क्षीण वीज खेळते. मग स्नायू आवळतात, श्वास सुटतो, स्वरयंत्र थरथरतं आणि मग कुठे 'डावीकडे' हा शब्द बाहेर पडतो. हे सगळं पापणी लवेपर्यंत उरकतं, पण तेवढा वेळ तरी लागतोच. अग्रवाणी ती वीज वाचत असे, शब्द ओळखत असे आणि बोलणाऱ्याच्याच आवाजात पुढे धाडत असे. तोंडातून आवाज निघेपर्यंत शब्द समोरच्याच्या कानात पडलेला असे. हवेतला आवाज त्याला लागतच नव्हता, त्यामुळे शेजारी माग चालोत नाहीतर विमान उतरो.

"मनातलं वाचतंय काय गं हे?" वृषालीने मंगळसूत्र पदरात खोवत विचारलं. "तसं असंल तर मी आधी घरला जातो बाई."

आमच्याकडे बायका स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. जुईला त्याची मौज वाटली. "नाही हो," ती हसत म्हणाली. "मनातलं त्याला काही कळत नाही. शब्द जिभेपर्यंत आला तरच."

आम्ही खेळायला बसलो. पहिल्या फेरीत मला वाटलं, वृषालीला कुणीतरी बदलून आणलंय. ती आता तिशी ओलांडलेली. गेल्या वर्षापासून माझी हाक ऐकून वळायला तिला किंचित उशीर व्हायचा आणि भुयारात किंचित उशीर म्हणजे बाद. अग्रवाणीने तो उशीर भरून काढला. मी शब्द तोंडाबाहेर काढते न काढते तोच ती वळलेली असायची. फेरी संपली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अक्षू, हे असंल तर मी अजून दोन वर्षं खेळतो," ती म्हणाली. "मला वाटलं हुतं, मी संपलो."

मला तिचं फार कौतुक वाटलं आणि पोलादी पट्टीवाला मी मनातून काढून टाकला.

गडबड चौथ्या फेरीत झाली. दोन वाटा फुटत होत्या. मी डावी सांगणार होते. शेवटच्या क्षणी नकाशावर तिथे शत्रू दिसला, म्हणून शब्द गिळला आणि 'उजवीकडे' म्हणाले. वृषाली डावीकडे गेली आणि बाद झाली.

"उजवीकडे म्हणाले होते मी!" मी ओरडले.

"आधी डावीकडं म्हणलीस! स्वच्छ ऐकलं मी."

बाकीच्या तिघींनीही ऐकलं होतं. जुईने नोंद तपासली. अग्रवाणीने दोन्ही शब्द पाठवले होते, एकामागून एक, माझ्या आवाजात. तिने माझ्याकडून ते पुन्हा पुन्हा करून घेतलं आणि गोंधळून सरांकडे पाहिलं. "सर, आम्ही कितीतरी माणसांवर चाचणी घेतली. शब्द जिभेवर आला की माणूस तो बोलतोच. ही इतका तयार झालेला शब्द गिळते कशी?"

लोहार सरांना हसू आवरेना. ते त्यांचंच पाप होतं. खोखोत पाठलाग करणारी खेळाडू बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीवर थाप मारून 'खो' देते. पण प्रत्येक वेळी देत नाही. नुसती वाकते, हात नेते, तोंड उघडते, पळणारी फसली की पुढे निघून जाते. सर आम्हाला शाळेपासून घोकून घेत, हुलकावणी खोटी दिसली की गेली. खो खरोखर तोंडात आणा आणि मग गिळा. आमच्या पिढीने हजारो खो गिळले होते. अग्रवाणीला असली माणसं भेटलीच नव्हती.

"श्वास सुटेपर्यंत थांब, असं त्याला सांगता येईल," जुई म्हणाली. "पण मग तो साध्या माइकइतकाच."

"नको, नको!" वृषाली मध्येच म्हणाली. "अक्षू शिकंल की न गिळायला. हाय काय त्यात?"

त्याच संध्याकाळी सरांनी मला शेडच्या मागे बोलावलं. सर आडवळणाने बोलणारे नव्हेत. म्हणाले, "फायनल झाली की वृषालीला काढतायत. साताऱ्याची नवीन मुलगी घ्यायची ठरलीय. मालकांचा निर्णय आहे, हेडसेट कुठलाही असो."

 मला ठाऊक होतं ते सरांनाही ठाऊक होतं. वृषालीची खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात निवड झाली होती. सांगलीला हजर व्हायची शेवटची मुदत शनिवारीच होती. वयात बसणारी तिची ही शेवटची भरती. ती रोज माझ्यापुढे एकच रडगाणं गात होती, जाऊ की राहू.

"तिला आज सांगितलं तर ती शनिवारी सांगलीला जाईल," सर म्हणाले. "फायनल हरलो तर मालक संघच बंद करणार. रेश्माचं घर कशावर चालतं, तुला माहीत आहे. शिंद्यांच्या पोरींनी कॉलेज सोडलंय. मी वाईट माणूस नाही, अक्षता. चौघींचं बघतोय."

"आणि तिचं?"

"तिचं मी नंतर बघतो," असं म्हणून ते आत निघून गेले. ते काही बघणार नाहीत, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

घरी त्या रात्री वृषाली भाकऱ्या थापत होती आणि मी शेजारी कांदा चिरत होते. तिथे कुठला हेडसेट नव्हता. सर नव्हते. चार शब्दांत सगळं मिटलं असतं.

"तुझा दादा म्हणतोय नोकरी धर," ती म्हणाली. "पण आज खेळलो बघ कशी! ते मशीन असल्यावर मला कोण काढतंय? तू काय म्हणतीस?"

मी रेश्माचा विचार केला, शिंदे बहिणींचा केला आणि खरं सांगायचं तर माझ्या कॅप्टनपणाचाही केला. "तुझं तू ठरव," मी म्हणाले.

"हे बरंय! लग्नाच्या वेळी मोठी हुशार हुतीस, दादाचे गुण गाताना." ती हसली आणि भाकरी उलटली. मला स्वतःची लाज वाटली आणि मी पुढचा कांदा चिरायला घेतला.

दुसऱ्या दिवसापासून सराव म्हणजे शिक्षा झाली. दडवलेलं जिभेवर आलं की अग्रवाणी ते सगळ्यांना ऐकवणार होता. मी पोलादी पट्टीवाल्याचं नाव काढून पाहिलं. सरांनी सगळ्यांसमोर कारण विचारलं आणि मी विषय सोडला. वृषाली तर भांडायलाच उठली. मग मी अग्रवाणी घालून बसायची आणि वृषाली कानात बोलली की माझी जीभ टाळूला चिकटवून ठेवायची. तोंडाला काहीतरी काम हवं म्हणून खडीसाखरेचा खडा धरून बसू लागले. वृषाली म्हणायची, "हिला काय डोहाळं लागल्यात का?" आणि बाकीच्या खिदळायच्या. मी दिशांखेरीज अवाक्षर बोलत नव्हते. भुयारात मात्र आम्ही तुफान खेळत होतो. गिळायची सवय मोडत चालली होती. जो शब्द तोंडात यायचा तो मी बोलूनच टाकायची. सर खूश होते, जुई खूश होती. ती सवय मोडण्यातच धोका आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

गुरुवारी दुपारी नाशिकच्या संघाशी सरावसामना होता. पहिला डाव आम्ही सहज जिंकला. मध्यंतर झालं, पण हेडसेट काढायचे नाहीत असा सरांचा दंडक. ते माझ्यासमोर स्वतःचा हेडसेट लावून बसले होते आणि सगळ्यांचं बोलणं ऐकत होते. जुई कोपऱ्यात तिच्या पडद्यापाशी होती.

वृषाली तिच्या खुर्चीत आळस देत म्हणाली, "ऐका गं सगळ्या. सांगलीच्या साहेबांना पाचच्या आत कळवायचंय. मी आत्ता फोन करून नाही म्हणून सांगतो. ठरलं माझं."

रेश्माने टाळी वाजवली. शिंदे बहिणी एकदम 'ये!' म्हणून ओरडल्या.

"पण कॅप्टननं एकदा हो म्हणायला पायजे," वृषाली म्हणाली. "दोन दिवस तोंडात साखर धरून बसलीया बया. बोल की, अक्षू. करू का फोन?" आणि तिने खरोखरच फोन हातात घेतला.

सरांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. हो म्हण. मी काही बोलायचंच नाही असं ठरवलं. जीभ टाळूला लावायला गेले. तोंडातला खडा केव्हाच विरघळला होता. वृषालीचा अंगठा पडद्यावर टेकणार एवढंच मला दिसत होतं. माझा घसा आवळला आणि मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"जा," माझा आवाज सगळ्यांच्या कानात म्हणाला.

माझे ओठ हललेले नव्हते. सगळ्याजणी माझ्याकडे वळल्या. वृषालीचा अंगठा तिथेच थांबला.

"कुठं जा?" तिने विचारलं.

 भिंतीपलीकडचे माग तेवढे चालू होते. सर सावरले. "मशीन अडखळलं," ते म्हणाले. "मंगळवारी नाही का, दोन्ही दिशा सांगितल्या? तसलंच. काय हो आपटे?"

जुईने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोरगी हुशार होती. काहीतरी आहे एवढं तिला कळलं असावं. "तसं होऊ शकतं," ती जपून म्हणाली.

"अक्षता, सांग तिला," सर म्हणाले. "मशीनची चूक आहे म्हणून सांग."

मला इतकी सोपी वाट कुणी कधी काढून दिली नव्हती. मान हलवली असती तरी पुरलं असतं. सगळ्यांनी विश्वास ठेवला असता, वृषालीने तर सगळ्यात आधी. मी हसावं, अशी इच्छा तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. तिने फोन खाली ठेवलेला नव्हता.

मी अग्रवाणी काढून टेबलावर ठेवला. 

"मशीनची चूक नाही," मी म्हणाले. "वहिनी, तू शनिवारी सांगलीला जा. फायनल झाली की तुला काढणार आहेत. साताऱ्याची मुलगी घेणार आहेत."

सर ताडकन उठले. पण ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "झालं समाधान?" आणि खाली बसले. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"कवा कळलं तुला?" वृषालीने विचारलं.

"मंगळवारी."

तिने बोटांवर काही मोजलं नाही, काही नाही. फक्त फोन पर्समध्ये टाकला, बांगड्या मागे सारल्या आणि उठली. रेश्मा माझ्याकडे बघत होती. "आणि आमचं काय गं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला तिच्याकडे बघवेना. धाकटी शिंदे रडायला लागली.

नाशिकच्या संघाला आम्ही दुसरा डाव देऊन टाकला. संध्याकाळी सर नोंदणी उघडून बसले आणि पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "शनिवारपर्यंत कॅप्टन तूच आहेस. नंतरचं मालक बघतील. कुठला लिहू?"

मी रेश्माला विचारलं. "अग्रवाणीच," ती म्हणाली. "वृषाताईच्या जागी कुणालातरी उभं करायचं, तर निदान हाक तरी लवकर पोचू दे." तिचं बरोबर होतं. मला आता त्या गाद्यांची भीती उरली नव्हती, कारण दडवायला काही उरलं नव्हतं. मी अग्रवाणीचं नाव सांगितलं आणि बाहेर आले.

वृषाली स्कूटरपाशी उभी होती. आम्ही दोघी रोज एकाच स्कूटरवरून घरी जायचो, ती पुढे आणि मी मागे. मागांची पाळी सुटली होती आणि कामगार सायकली काढत होते.

"फोन केलास?" मी विचारलं.

"केला. येतो म्हणून सांगितलं साहेबांना." तिने किल्ली लावली, पण फिरवली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "मला एकच सांग, अक्षू. ते मशीन आज तुझ्या कानावर नसतं, तर सांगितलं असतंस?"

'हो' तोंडात तयार होतं. जीभ उठलीसुद्धा. माझ्या जबड्याला आता काही लागलेलं नव्हतं. मी काहीही म्हणाले असते, तरी तिने ते मानलं असतं आणि आम्ही घरी जाऊन जेवलो असतो.

"नसतं सांगितलं," मी म्हणाले.

 मग तिने किल्ली फिरवली.

"खरं बोललीस, बरं झालं," ती म्हणाली. "पण आज माझ्या मागं बसू नकोस. चालत ये."

आणि ती गेली. मी रस्त्याला लागले.